गौरीचा साखरपुडा आणि माझं 'दॅट'

माझ्या भाचीचा साखरपुडा मी एका 'दॅट'पायी मोडत आणला होता.

गौरी अंबरपेठची, मुलगा कुकटपल्लीचा, तेलुगू घरातला. दोन्ही घरं आपली हैदराबादी हिंदीत झकास गप्पा मारत होती. पण मी पडले विमा कचेरीत जन्मभर इंग्रजी मसुदे केलेली बाई! (साहेबांना माझी वाक्यं कळायची नाहीत, म्हणून ते न वाचताच सही करायचे.)

"स्वागताचं भाषण मी इंग्रजीतच करणार," मी ताईला बजावलं.

"अगं, साधं बोल की!"

"साखरपुडा आहे ताई, भाजीबाजार नव्हे!"

आता या भारदस्त इंग्रजीची एक खोड आहे. आपण सरळ म्हणतो, 'मुलगी लाडावलेली आहे हा समज खोटा.' इंग्रजीत आधी नुसता 'समज' येतो, मागून 'दॅट', मग तो समज काय होता ते. आणि खोटा की खरा हे सगळ्यात शेवटी, ऐकणाऱ्याचा धीर सुटल्यावर! मला ही रचना भयंकर प्रिय.

नारायणगुड्याच्या हॉलमध्ये मी माइक धरला. मुलाच्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मुलाचे काका शेजारी बसून माझं भाषण तेलुगूत सांगायला लागले. मोठ्याने.

"द नोशन दॅट अवर गर्ल कॅनॉट कुक..." मी जरा थांबले. (परिणाम साधायला!)

काकांना 'नोशन' काही कळलं नाही. त्यांनी ते सोडून दिलं आणि उरलेलं इमानदारीत पोचवलं, "अम्मायिकी वंट रादु." मुलीला स्वयंपाक येत नाही!

"...इज अनफाउंडेड!" मी विजयी मुद्रेने म्हटलं. (म्हणजे निराधार!)

काका अडखळले. 'फाउंड' म्हणजे सापडणं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. "वंटमनिषी दोरकलेदंट." स्वयंपाकीणसुद्धा सापडली नाही म्हणे!

आजींच्या भुवया वर गेल्या. मला तेलुगू चांगलं येतं हो, पण माइकसमोर तोंडातून इंग्रजीच बाहेर पडलं, "नो, नो! द ॲप्रिहेन्शन दॅट शी विल नॉट लिव्ह विथ हर इन-लॉज..."

"अत्तामामलतो उंडदंट," काका खालच्या आवाजात म्हणाले. सासू-सासऱ्यांबरोबर राहणार नाही म्हणे!

मुलाच्या आईने गौरीला द्यायला उचललेली साडी हळूच ताटात परत ठेवली. ताई पांढरीफटक पडली. पुढच्या रांगेतून जिजाजी हात जोडून म्हणाले, "बस कर गं, माझे आई!"

मला वाटलं, मुलाची बाजूही सावरून घ्यावी म्हणजे समतोल होईल. "ॲन्ड द ॲलिगेशन दॅट द बॉय इज बाल्ड..."

असा आरोप कोणीच केला नव्हता! पण 'बाल्ड'ला काकांची गरज पडली नाही. अख्खा हॉल मान वळवून नवऱ्या मुलाच्या डोक्याकडे बघायला लागला. त्याने घाबरून केसांवर हात ठेवला, तर संशय आणखीनच वाढला.

गौरी उठली, माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि आजींसमोर जाऊन म्हणाली, "अम्मम्मा, मौशी कू माफ करो. उनो बोलना क्या चारे थे बोले तो, मेरे कू पकाना आता, मैं सबके साथ मिलके रैती, और इनके बालां असली हैं!"

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"असली हैं?" आजी म्हणाल्या. "खींच के देखी क्या?"

पहिल्यांदा मुलाची आई हसली, मग सगळा हॉल. साडी ताटातून निघून गौरीच्या खांद्यावर आली, अंगठ्या झाल्या, आणि जिजाजींनी घाईघाईने जेवणाची पानं मांडायला लावली. (मी आभार मानायला पुन्हा उठत होते, असं त्यांना वाटलं. बरोबरच वाटलं.)

पुढच्या महिन्यात लग्न आहे. ताईने माझ्यावर एकच जबाबदारी सोपवलीय: दाराशी उभं राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं, तेसुद्धा तोंडात विडा ठेवून!