आप्पांचं गाऱ्हाणं आणि हाजराचा कातळ

आप्पा आंबेरकर यंदा पुन्हा निवडून आला, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत आस लावून बसू नका. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस आमच्या खारपेठेतून नगरपालिकेत जातोय आणि आता त्याचं नाव काढलं तरी मला किळस येते. मी मालन. मार्केटात ताजी मासळी विकते. तोंडानं फटकळ आहे, तेव्हा गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

सुरुवातीला आप्पा बरा होता, खोटं कशाला बोलू? टँकर आला की स्वतः नळी धरून उभा राहायचा. शिवाय घराणं मानकऱ्याचं, म्हणजे पेठेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं देवाशी बोलायचं, आणि तो थांबला की बाकीच्यांनी एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आप्पाचा आवाज असा की अंगावर काटा यायचा. त्या आवाजावरच पहिली निवडणूक मारलीन त्यानं.

मग मेल्याला चटक लागली. एका उन्हाळ्यात नळ आटले म्हणून आम्ही बायका रिकाम्या कळश्या घेऊन त्याच्या दारात गेलो. हा आम्हाला तसाच देवळात घेऊन गेला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरांच्या नळाला पाणी येऊ दे!" आम्ही आपलं "व्हय म्हाराजा!" केलं आणि शहाण्यासारख्या घरी आलो. आता पाणी आलं नाही तर विचारायचं कुणाला? देवाला! खड्डे, गटारं, बंद दिवे, सगळं त्यानं देवाच्या गळ्यात घातलंन. उद्घाटनाच्या पाटीवर नाव मात्र स्वतःचं.

गळ्यातल्या उपरण्याचा रंग किती वेळा बदलला, मला विचारू नका. सकाळी एका पक्षात चहा, दुपारी दुसऱ्यात जेवण. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा बायकोला, गोदावहिनीला, उभी केलीन. ती बिचारी सभागृहात पाच वर्षं पदर सावरून बसली आणि केबिनमध्ये हा. नंतर निवडणुकाच झाल्या नाहीत, पालिकेत प्रशासक बसला, तरी ह्याच्या गाडीवरची 'नगरसेवक' ही पाटी काही उतरली नाही. लाज कुठं मिळते का बघा म्हणावं बाजारात, मी आणून देते.

पण हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. माझं पित्त खवळलं ते हाजराच्या कातळावरून.

हाजरा माझी मैत्रीण. तिचा नवरा अस्लम दुबईहून आला तो कंबर मोडून घेऊन, तेव्हापासून घर तिच्या सुकटीवर. खाडीच्या कडेला पालिकेच्या जागेत सपाट कातळ आहे. तिथं जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, पसरला की उन्हानं तापलेला दगड त्याला दिवसभरात खडखडीत वाळवतो, वाळूचा कण लागत नाही. तिची सासूसुद्धा तिथंच वाळवायची. हाजराची सुकट म्हणजे चिपळूणहून माणसं सांगून ठेवतात. तो कातळ गेला तर तिच्या चुलीवर काय शिजणार, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं.

गेल्या शिमग्यात पालखी सजली आणि आप्पानं गाऱ्हाणं घातलंन. त्याचा जावई गौरव, तो ठेकेदार आहे, मोबाईलवर शूटिंग करत होता. नेहमीचं सगळं झालं, रोगराई टळू दे, चाकरमानी सुखरूप जाऊ दे. मग आप्पा म्हणाला, "बा म्हाराजा, खालच्या कातळाचं सोनं कर. लांबलांबची पावलं तिकडे वळव. आणि त्यात जो आडवा येईल त्याला बाजूला कर, म्हाराजा!"

मला वाटलं, किती चांगलं मागतोय! हाजराला गिऱ्हाईक येईल. आडवा येणाऱ्याचं तर प्रत्येक गाऱ्हाण्यात असतंच. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

पावसाळा सरला आणि कातळावर पत्रे ठोकले गेले. आरे-वारेच्या किनाऱ्यावरचे पर्यटक संध्याकाळी शहरात येतात ना, त्यांच्यासाठी म्हणे सागरदर्शन गॅलरी. गाड्या लावायला जागा, बसायला बाकडी, सेल्फीला मोठं हृदय. ठेका कुणाला, ते सांगायला नको. हाजराच्या टोपल्या कामगारांनी उचलून रस्त्यावर ठेवल्या होत्या.

आम्ही दहाबारा बायका पालिकेत गेलो. साहेब नवे, सोलापूरकडचे, माणूस तसा सभ्य. म्हणाले, "ताई, हरकत कुणी घेतली नाही. उलट तुमच्या वॉर्डानं एकमुखानं मागणी केलीय." आणि त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवून गौरवचं ते शूटिंग लावलं. आप्पा कातळाचं बोलतोय, अख्खी पेठ 'व्हय म्हाराजा' म्हणतेय, आणि सगळ्यांच्या वर एक आवाज, बाजारातला, कमावलेला. माझा! साहेबांना गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मी समजावत बसले. ते म्हणाले, "पण ताई, तुम्ही हो म्हणताय ना?"

तशीच आप्पाच्या घरी गेले. तो झोपाळ्यावर बसून पान लावत होता.

"आप्पा, ही कसली फसवणूक? देवाच्या दारात?"

"वहिनी, हळू. देवासमोर दिलेला शब्द आहे तो पेठेचा. मी मोडला तर पाप मला लागेल."

आणि हसला हो! दातांना चुना लागलेला, आणि हसला. ज्या पालखीला मी लहानपणापासून अख्ख्या पेठेचा खांदा लागलेला बघितलाय, ती ह्या माणसानं कागदावर मारायच्या शिक्क्यासारखी वापरलीन.

हाजराच्या घरी गेले तेव्हा ती ओला जवळा घराच्या पत्र्यावर पसरत होती. अर्धा कावळ्यांनी नेलेला, उरलेल्याला वास सुटलेला. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या आवाजाचंसुद्धा. तिनं हात थांबवला नाही.

"तुमचा देव, तुमचं गाऱ्हाणं. मी तर पालखीला तुझ्यासाठी शेव-लाडू घेऊन आले होते, लांब उभी होते. मला कुणी विचारलंच नाही, मालन."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी मदतीला म्हणून टोपलीला हात लावला तर म्हणाली, "राहू दे."

मग निवडणूक लागली. फॉर्म भरायच्या सकाळी आप्पानं देवळात नारळ ठेवलान. अख्खी पेठ हजर, बाहेर नाश्त्याची सोय होतीच. मी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिले. शेजारी माझी जाऊ मृणाली. गौरव समोर मोबाईल धरून.

"बा देवा म्हाराजा," आप्पानं सुरू केलंन, "ह्या तुज्या आप्पानं पेठेतल्या कुणाच्या पोटावर कधी पाय दिला नाही, म्हाराजा..."

आणि थांबला. कुणी तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "नाय म्हाराजा!"

ढोल थांबला. देवळात असं कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. मागची म्हातारी म्हणाली, "अगो मालन, काय बोललीस ह्या?" मृणालीनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. भीती मलाही वाटली, देवाची. पण माझे शब्द मी परत घेतले नाहीत.

आप्पानं माझ्याकडे बघितलं नाही. देवाकडेही बघितलं नाही. त्यानं गौरवकडे बघितलं.

"तेवढं काप," म्हणाला.

आणि तेच वाक्य पहिल्यापासून, त्याच आवाजात पुन्हा म्हणून तो तिथंच थांबला. या खेपेला अख्खी पेठ, माझ्या शेजारच्या मृणालीसकट, माझं 'नाय' बुडेल इतक्या जोरानं ओरडली, "व्हय म्हाराजा!"