सुतळीच्या मापाचा ट्रॅक्टर

परसात वहिनी जळणाची लाकडं रचत होती. जाड ओंडके खाली, फाटे वर, मध्ये वारा खेळेल एवढी फट. यंदा ही लाकडं ट्रॅक्टरने आली. गेल्या वर्षापर्यंत ती आमच्या रानातून वहिनीच्या डोक्यावरून येत. तिची मान धरली, डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं, तेव्हा दादा मला घेऊन तालुक्याला ट्रॅक्टर बघायला गेला.

विक्रेत्याने मोठा ट्रॅक्टर दाखवला. दादाने खिशातून सुतळी काढून त्याची रुंदी मोजली. रानवाटेवरच्या दोन ऐनाच्या झाडांमधलं अंतर तो सुतळीला गाठ मारून घेऊन आला होता. ट्रॅक्टरची रुंदी गाठीपुढे गेली. वाटेवरच्या दोन झाडांमधून हा जाणार नाही, असं दादाने सांगितलं.

“एक झाड काढा की, काका,” विक्रेता म्हणाला. “वाट मोकळी होईल.”

“झाड आधी आलंय,” दादा म्हणाला. “तो छोटा दाखवा.”

मला दादाचा अभिमान वाटला. आपण नवी वस्तू आणतो आणि मग घरदार तिच्या मापाचं करायला निघतो. दादाने तसं केलं नाही.

पण आज वहिनीला बघताना वाटलं, झाडांमधलं अंतर एवढं नेमकं मोजणाऱ्या दादाला तिच्या डोक्यावरचा भार इतकी वर्षं कसा दिसला नाही? आणि रोज चुलीवरच्या ऊन पाण्याने अंघोळ करणाऱ्या मला तरी?

मी पुढे होऊन एक ओंडका उचलला. वहिनी हसली.

“राहू द्या भावोजी. आता काय, दारातच आलंय.”

तो ‘आता’ ऐकत मी ओंडका तिच्या ओळीत ठेवला आणि दुसरा उचलायला वाकलो.