कोरियातल्या मुलीचा भाऊ
निलगिरी तेलाचा वास आला की आमची ही खाटेवर पडलेली दिसते. ती दुखण्यानं खाटेला खिळली तेव्हा टीव्हीवर कोरियाची एक मालिका हिंदीत लागायची. लढाईत हरवलेल्या भावाला शोधत फिरणाऱ्या मुलीची. हिला तिचं येड लागलेलं. कापडाच्या कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात माझे कान कधीच गेले होते. तिथं आम्ही सगळे ओठ बघूनच बोलायचो, हिंदी पिक्चरपण मी तसाच बघायचो. पण ह्या लोकांचे ओठ कोरियाचं बोलायचे, त्यामुळं मला काय कळायचं न्हाय. मग ही माझ्याकडं तोंड करून सगळी गोष्ट सांगायची. शेवटच्या भागाला मात्र दुखण्याच्या गोळीनं तिला झोप लागली. उठवायला मन होईना. तिच्यासाठी मी एकटाच डोळे ताणून बघत बसलो. मुलगी एका दाढीवाल्यासमोर रडत होती आणि तो काहीतरी बोलत होता. मालिका संपल्यावर हिनं डोळे उघडले. "भाव गावला का हो तिला?" मी म्हणालो, "गावला." "काय बोलला तो?" "बोलला, चल घरी." ती माझ्याकडं बघत राहिली. "खोटारडं म्हातारं," म्हणाली आणि भिंतीकडं वळली. त्याच आठवड्यात ती गेली. आता नात दिवसभर मोबाईलवर कोरियाच्याच मालिका बघते. परवा तिला त्या मालिकेच्या शेवटाचं विचारलं, तर म्हणाली, "आजोबा, नाव सांगा, आत्ता शोधून देते." नाव हिलाच माहीत होतं.