दाजींचा तळहात

आयुष्यभर मी इतरांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर प्रथमच करीत आहे. ते उद्धटपणाचे वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, डोळ्यांवर विश्वास ठेवीत नसत. लिंबायत या कामगारवस्तीतल्या एका कापड कारखान्यात ते उभ्याने माग चालवीत. विणलेल्या कापडावरून डोळे मिटून तळहात फिरवीत आणि तुटलेला धागा जोडल्याची गाठ लागली की थांबत. घरीही नवी चादर, भिंतीचा ताजा रंग, सर्वांची तपासणी त्याच हाताने होई. "डोळ्याला फसवता येतं, मास्तर. हाताला नाही."

उभ्याच्या कामाने त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा दोरांसारख्या फुगल्या. घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना. उभे राहता आले नाही तर माग सुटणार, ही त्यांची खरी धास्ती. मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. सुईच्या छिद्रातून बारीक तार घालून लेझरच्या उष्णतेने शीर आतून बंद करायची, भूल पायापुरती, त्याच दिवशी चालत घरी, असे डॉक्टरांनी सांगितले.

बाहेरच्या बाकावर दाजी अहिराणीत पुटपुटले, "कापस नही, शिवस नही. मंग हाऊ करस काय?"

"शीर बंद करतात, दाजी."

"आणि रक्त कुठं जाईल? एक धागा तुटला तर माझा माग थांबतो. हा मुद्दाम तोडणार, वर म्हणतो चालत जा."

"ती शीर बिघडलेलीच आहे. रक्त आतल्या चांगल्या शिरांतून वर जातं."

"हे तुम्हाला माहीत आहे, की आत्ताच त्याच्याकडून ऐकलंत?"

शेजारी जवळच्याच पर्वत पाटिया भागातले एक साडीवाले शेठ बसले होते; हाच इलाज करून ते पुन्हा दाखवायला आले होते. दाजी सरळ त्यांच्याच भाषेत म्हणाले, "शेठ, जरा पग बताओ ने." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. शेठनी हसत पँट वर केली. दाजींनी डोळे मिटले आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवला. मध्येच थांबले.

"गाठ आहे."

"बंद झालेली नस आहे काका, हळूहळू विरते म्हणे," शेठ म्हणाले.

दाजींचा चेहरा प्रथमच सैलावला. "गाठ आहे म्हणजे कोणीतरी काम केलंय."

त्यांनी इलाज करून घेतला. सांगितलेला घट्ट मोजा कुरकुरत वापरला. जखम सावकाश भरली आणि दाजी पुन्हा मागावर उभे राहिले. तरी रोज सकाळी पायावरून हात फिरवून म्हणत, "अजून बघू."

पुढे तो कारखाना बंद झाला आणि दाजी पारोळ्याकडच्या गावी परतले. आता फळ्यापुढे वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माझ्या पायांवरही निळ्या शिरा उमटल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, लेझर नको असेल तर विशिष्ट गोंदानेही शीर बंद करता येते. गोंद म्हटल्यावर माझा संशय अधिकच बळावला. मी दाजींना व्हिडिओवर पाय दाखवला.

"दिसतो, मास्तर, पण हाताला लागत नाही. इलाज झालेला पाय शोधा. आणि लाजू नका."

अजून कोणाला विचारण्याचे धैर्य झालेले नाही. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी हा इलाज करून घेतला असेल, तर मला तुमचा पाय पाहू द्याल का?