खांद्यावरची गोळी

त्या चेतननं पुन्हा आपल्याच माणसाला गोळी घातली आणि मी मॉनिटरसमोर ओरडले, "बघ, बघ! परत!"

शेजारी प्रसाद बसला होता. आमचा प्रोग्रॅमर, पुण्याहून आलेला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, गडी सराईत आहे."

आम्ही रीप्ले बघत होतो, म्हणजे होऊन गेलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग. म्हैसूरला बोगादी रोडवर आमचा छोटा गेम स्टुडिओ आहे आणि मी तिथं लीड डिझायनर आहे. मोबाइलवर खेळायचा लढाईचा एक खेळ आम्ही चालवतो. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. आपली गोळी आपल्याच माणसाला लागली तर त्याला फ्रेंडली फायर म्हणतात. बऱ्याच खेळांत अशी गोळी लागतच नाही, आरपार जाते. आमच्या खेळात ती लागते, आणि तो माझाच हट्ट होता. लागत नसेल तर माणूस डोळे मिटून बाँब फेकत सुटतो. लागणार असेल तर आधी बघतो, मग झाडतो.

पण लागते म्हटल्यावर काही महाभाग मुद्दाम आपल्याच टीमला मारतात. त्यांच्यासाठी मी शिक्षेची सिस्टिम बनवली होती. आपल्या माणसाला गोळी लागली की एक स्ट्राइक. स्ट्राइक साठले की अकाउंट आठवडाभर बंद. माणसानं निवाडा करायची गरजच नाही. मला तिचा फार अभिमान होता.

आमची शहरातल्या टीम्सची स्पर्धा चालू होती. रविवारी फायनल. चेतनच्या टीमनं सेमीफायनल जिंकली आणि दुसऱ्या दिवशी सिस्टिमनं पाचही जणांची अकाउंट बंद करून टाकली. फायनल त्यांच्याविना होणार होती.

आमचे बॉस रघू सर कन्नड आणि इंग्लिशमध्ये बोलतात. इथं मी मराठीत लिहिते. ते म्हणाले, "फायनलला एकच टीम? लोक काय बघणार, परेड?"

"सर, हे पाचही जण एकमेकांना गोळ्या घालतात. प्रत्येक मॅचमध्ये."

"आणि तरी जिंकतात?"

या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं. पण मी रीप्ले लावून दाखवला. गोळी पिस्तुलाची, एकच, तीही कायम खांद्यावर. डोक्यात मारली तर मित्र मरेल, खांद्यावर मारली तर नुसता वैतागेल. म्हणजे हा शुद्ध खोडसाळपणा, असा निष्कर्ष मी छातीठोकपणे काढला.

शुक्रवारी सकाळी रिसेप्शनवरून फोन आला. कुणी रूपा नावाची मुलगी भावाला घेऊन आली होती. मी येईपर्यंत हलणार नाही म्हणत होती.

"सुजाता अक्का तुम्हीच की? अकाउंट बंद केल्याच्या मेलखाली तुमचं आडनाव बघितलं. आपलेच लोक म्हणून धावत आले," ती एका दमात म्हणाली. घर नजरबादला, आमच्यासारखंच जुनं मराठी कुटुंब. घरातली मराठी निम्मी कन्नड. "अय्यो अक्का, चेतन सुम्मने नाही हो मारत, उगीच नाही मारत. बोलवायला मारतो. त्याला ऐकायला येत नाही. त्यांच्यातल्या कुणालाच येत नाही. पाचही जण एकाच शाळेतले."

चेतन पंचविशीचा, उंच, फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात काम करणारा. त्यानं मला नमस्कार केला आणि लगेच माझ्या मॉनिटरकडे बोट दाखवलं.

मी त्याला घेऊन डेस्कवर आले आणि त्याच्याकडे पाठ करून रीप्ले शोधायला लागले. तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर हलकेच थाप पडली. मी मागे वळले. त्याला स्क्रीनवरची दुसरी मॅच दाखवायची होती.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग पुन्हा स्क्रीनकडे. खांद्यावर एक गोळी, समोरचा वळतो, हा हातानं दिशा दाखवतो, दोघं निघतात. मी कितीदा तरी पाहिलेलं दृश्य, पण वळणारा माणूस मला दिसलाच नव्हता. मी फक्त गोळी बघत होते. बरं, रीप्लेचा आवाजही मी बंद ठेवला होता, म्हणजे मीही त्यांच्यासारखीच बघत होते, आणि तरी कळलं नाही. मला खरंच लाज वाटली.

"पण खुणेचं बटण आहे की," प्रसाद म्हणाला. खेळात एक बटण आहे. ते दाबलं की सोबत्यांना टिंग असा आवाज येतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक बाण उमटतो.

रूपानं हातांनी विचारलं. चेतननं हातांनी उत्तर दिलं आणि ती हसली. "म्हणतो, टिंग तुमच्यासाठी. आमच्यासाठी तो बाण म्हणजे मुंगी. गोळी लागली की फोन थरथरतो, स्क्रीन लाल होते. तेवढंच कळतं. अष्टेच."

म्हणजे माझ्या खेळात ऐकू न येणाऱ्या माणसापर्यंत नक्की पोचणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बंदुकीची गोळी. आणि तिलाच मी शिक्षा लावली होती.

प्रसाद म्हणाला, "सोपं आहे. या पाच जणांना सिस्टिममधून वगळू. त्यांना स्ट्राइक लागणारच नाही."

रूपानं ते सांगताच चेतनचा चेहरा पडला. त्याचे हात भराभर चालले.

"नको म्हणतो. जिंकलो तर सगळे म्हणतील, सूट होती म्हणून जिंकले. त्यापेक्षा घरी बसू."

त्याचं बरोबर होतं, आणि त्यामुळे माझं काम वाढलं. चहा आला. चेतनच्या नखांत प्रिंटिंगची निळी शाई होती. ती बघून मला बाबांची एक गोष्ट आठवली. आजोबा आणि त्यांचे भाऊ साड्या रंगवायचे. एकाचे हात कायम लाल, एकाचे निळे, एकाचे हिरवे. कामात कुणी पाठीवर थाप मारली की बनियनवर ठसा उठायचा आणि कुणी बोलावलं होतं ते नंतरही कळायचं. घरच्या बायका धुणं धुताना वैतागायच्या.

"प्रसाद, ट्रेनिंगमधलं रंगाचं पिस्तूल अजून आहे का?"

नवशिक्यांना नेमबाजी शिकवायला आम्ही एक पिस्तूल ठेवलं होतं. त्यानं इजा होत नाही, नुसता रंग उडतो.

"आहे. का?"

"सगळ्यांना द्यायचं. दहाही जणांना. प्रत्येकाचा रंग वेगळा. सोबत्याला लागलं की फोन थरथरेल, स्क्रीनवर मारणाऱ्याचा रंग पसरेल. स्ट्राइक नाही."

रघू सर तडकले. "फायनल तोंडावर आली आणि खेळ बदलता?"

"सर, दुसऱ्या टीमलाही तेच मिळेल. त्यांना विचारा."

त्यांनी विचारलं. दुसऱ्या टीमचा कॅप्टन म्हणाला, आम्हालाही हेच हवं होतं, गोंगाटात टिंग आम्हालाही ऐकू येत नाही. सरांनी मग अकाउंट उघडायला परवानगी दिली, पण चेतनला बजावलं, "आता बोलवायला रंग आहे. यापुढे खरी गोळी लागली की स्ट्राइक. कारण ऐकणार नाही." रूपानं हातांनी सांगितलं आणि चेतननं अंगठा वर केला. प्रसादनं शनिवारपर्यंत काम संपवलं. मी त्याला डोसा खाऊ घातला.

रविवारी फायनल रंगली, अगदी शब्दशः. चेतनच्या टीमच्या पाठी पाच रंगांनी माखल्या होत्या आणि टीम अशी हलत होती की एका हाताची बोटं वाटावी. शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरी. मी निःपक्षपाती असायला हवं होतं, पण नव्हते. शेवटी चेतननं दारातून बाँब फेकला आणि त्याच क्षणी त्याचाच मित्र त्या दारात शिरला. चेतननं ना त्याला रंग मारून थांबवलं, ना आधी बघितलं. मित्र गेला, फेरी गेली, फायनल गेली. स्क्रीनवर चेतनच्या नावापुढे माझ्या सिस्टिमचा स्ट्राइक लागला.

हा स्ट्राइक काढायचा का, हा विचारही मनात येऊन गेला. लॉगवरून, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींवरून, गोळी कुणी कुणाला मारली एवढंच कळतं; का मारली ते माणसाला समोर बसवून, चहा पाजून विचारावं लागतं, हे मी नुकतंच शिकले होते.

तेवढ्यात चेतनचाच मेसेज आला. "या वेळी चूक माझीच. स्ट्राइक काढू नका."

मी काढला नाही. सिस्टिम लावल्यापासून शिक्षा बरोबर आहे असं कळवणारा तो पहिला खेळाडू.