साडूभाऊंचे कार्बोरेटर

माझ्या थोरल्या साडूंइतका घाबरणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो कुठेतरी दाराला आतून कडी लावून बसलेला असणार, त्यामुळे त्याची आपली गाठ पडायची नाही. भीती काय, सगळ्यांनाच वाटते. मला पालीची वाटते, बायकोची वाटते, आणि गुलमंडीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात नेमकी लाइट गेलेली असताना गिऱ्हाइकाने रंग विचारला तर त्याचीही वाटते. पण आपली भीती पाहुण्यासारखी येते आणि जाते. साडूभाऊंकडे ती बिऱ्हाड करून राहिली आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की ते आधी छताकडे बघतात, सगळे पंखे नजरेने तपासतात आणि शेवटी एकाही पंख्याखाली न बसता भिंतीला पाठ लावून उभे राहतात. लिफ्टमध्ये बसत नाहीत. कुकरच्या पहिल्या शिट्टीला अंगणात जातात आणि शेवटच्या शिट्टीनंतर परत येतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ मांडवाचा खांब धरून हलवून बघत होते, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. आमच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मागे खांब हलत होता.

याला कारण आहे, आणि ते कळल्यापासून मी त्यांना हसताना थोडा हात राखून हसतो. साडूभाऊंची सगळी नोकरी वाळूजच्या एका दुचाकीच्या कारखान्यात झाली, पण ती अशा खात्यात, की जिथं गिऱ्हाइकांकडून परत आलेले सुटे भाग तपासायचे. कारखान्यातून लाखो गाड्या धडधाकट बाहेर पडत होत्या, आणि लोक त्यांवरून कामाला, बाजाराला, सासुरवाडीला सुखरूप जात होते. त्या गाड्या साडूभाऊंनी कधी पाहिल्याच नाहीत. त्यांच्या टेबलावर आयुष्यभर आलं ते मोडलेलं, वाकलेलं, चिरलेलं. त्यामुळे जग म्हणजे मोडायच्या बेतात असलेल्या वस्तूंचा ढीग, असं त्यांचं मत झालं. "पाव्हणं, कोन्तीबी वस्तू चालती तवरच चालती," असं ते मला नेहमी सांगतात. दुचाकीच्या कारखान्यात जन्म काढून या माणसाने स्वतः दुचाकी घेतली नाही. रोज कंपनीच्या बसने गेले आणि बसमध्येही दाराजवळची सीट धरली.

अशा माणसाच्या हाती आमच्या सासऱ्यांची मोटारसायकल पडली, याला दैवच म्हणायचं. सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणायचो. मामा पाचोडचे. शेती चांगली, आवाज खणखणीत, आणि दारात दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची ती जुनी गाडी. तिचा आवाज असा होता म्हणतात, की बाजाराच्या दिवशी मामा फाट्यावरून वळले की घरी सासूबाई तवा चुलीवर ठेवायच्या आणि मामा दारात उतरेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. पुढे सासूबाई गेल्या, मामांची नजर अधू झाली, गाडी गोठ्यात गेली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मेहुण्याने ती भंगारात द्यायचं काढलं तेव्हा साडूभाऊ कधी नव्हे ते मोठ्याने बोलले. मी नीट करतो, म्हणाले. एका छोट्या टेम्पोत घालून त्यांनी ती बजाजनगरला, आपल्या घरी, आणली आणि सगळा रस्ता टेम्पोच्या मागे बसून तिचा दोर धरून आले. निघताना मामांनी एवढंच सांगितलं होतं, "चालू कर, अन् एकदा आनून दाव."

त्यानंतर जे सुरू झालं ते चार वर्षं चाललं. इंजिन वर्षभरात झालं, वायरिंग झालं, टाकीला रंग लागला. राहिले ते इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणारे दोन कार्बोरेटर. दर रविवारी साडूभाऊ ते उतरवायचे. अंगणात जुनी पांढरी चादर अंथरायची, ती माझ्याच दुकानातली, कारण पांढऱ्यावर बारीक स्क्रू हरवत नाही. मग खालच्या वाट्या सोडवायच्या, फ्लोट हलवून बघायचे, बारीक भोकाचे पितळी जेट पेट्रोलमध्ये बुडवायचे, तांब्याच्या तारेच्या एकाच तंतूने हळूच साफ करायचे, फुंकायचे, आणि वर धरून त्याच्या भोकातून आभाळ बघायचं. आभाळ दिसलं की जेट साफ. पेट्रोल उघडं असेपर्यंत घरात गॅस पेटवायचा नाही, देवापुढे दिवासुद्धा नाही. त्यामुळे बजाजनगरला रविवारी जेवायला जाणं म्हणजे गार जेवणं, हे आम्ही धरूनच चालायचो. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक उरकून ठेवायची आणि बारा वाजता सगळ्यांना थंडगार वरण वाढायची. साडूभाऊ हेल्मेट घालून काम करायचे. चाकं जमिनीवर, गाडी स्टँडवर, कार्बोरेटर चादरीवर, आणि हे हेल्मेट घालून. संध्याकाळी सगळं परत बसवायचे, हात धुवायचे, गाडीकडे जरा लांबून बघायचे आणि म्हणायचे, डाव्यात कचरा वाटतो. पुढच्या रविवारी पुन्हा चादर.

आम्ही सगळे हसायचो. मीच सगळ्यात जास्त. पण मामा थकत चालले होते आणि पाचोडला लोक एक वाक्य बोलायला लागले होते. एका थंडीत मामांना मोठं दुखणं आलं, डॉक्टरांनी मान हलवली, आणि मामा उठून बसले. पावसाळ्यात पुन्हा तेच. मग भेटायला येणारा जो तो बाजेशी बसून म्हणायचा, म्हाताऱ्याचा जीव गाडीत अडकलाय. माझी बायको घरी येऊन रडायची. वडिलांनी आयुष्यात मागितलं ते एवढंच, आणि तेही तुमच्या साडूला जमेना, म्हणायची. साडू माझे एकट्याचे असल्यासारखं.

म्हणून गणपतीनंतरच्या एका रविवारी मी ठरवून बजाजनगरला गेलो. त्या दिवशी साडूभाऊंनी कार्बोरेटर बसवले, तेव्हा मी म्हटलं, आता माझ्यादेखत किक मारा. ते कपाळावरचा घाम पुसत मागे सरकले. मी हटून बसलो. शेवटी त्यांनी किक मारली, आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. आवाज असा लागला, की शेजारच्या गच्चीवरून लोक वाकून बघायला लागले. ताई ओल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी आनंदाने साडूभाऊंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी चावी फिरवली, गाडी बंद केली, आणि पाना उचलून सरळ डाव्या कार्बोरेटरला लावला.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातला पाना हिसकावून घेतला आणि बरंच काही बोललो. मग साडूभाऊ मला मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले आणि हेल्मेट काढून हातात धरून उभे राहिले.

"पाव्हणं, गाडी चालू व्हती. मामांच्या पयल्या दुखन्यापास्नंच व्हती. दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "सगळं पाचोड म्हनतंय, मामाचा जीव तिच्यात अडकलाय. मंग अडकू द्या ना. मला बाप ठाऊक नाय. लगीन झालं अन् ह्यो एक भेटला. गाडी दारात नेली अन् त्यांनी डोळं मिटलं, तर मी काय करू?"

मी पाना त्यांच्या हातात परत दिला. दुसरं काय करणार? त्या दिवसापासून मीही भ्यायला लागलो. रविवारी चादर अंथरली की मला बरं वाटायचं आणि संध्याकाळी शेवटचा स्क्रू आवळला जाताना मी उठून घरात जायचो. बायकोला काही सांगितलं नाही. साडूला साडूची सोबत, एवढंच.

दिवाळी झाली आणि आम्ही बजाजनगरला असतानाच मेहुण्याचा फोन आला, की मामांनी जेवण सोडलंय, दोन घास चारले तरी तोंड फिरवतात, तेव्हा काय ते लवकर करा. साडूभाऊ पाना शोधायला लागले. ताई मात्र वाट अडवून उभी राहिली. तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमाला काय वाटायचं ते वाटू द्या. त्यांनी मागितलंय. आता न्यायचीच." बहिणी बहिणी जीपने पुढे गेल्या आणि मी साडूभाऊंच्या मागे, गाडीवर. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मला कळेना, की मला जास्त भीती कशाची वाटते, रस्त्यावरच्या ट्रकांची की पाचोड जवळ येण्याची. साडूभाऊ सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ देत होते. झाल्टा फाट्यापर्यंत मी त्यांच्या शर्टाला धरून बसलो होतो. त्यांची पाठ थंडीतही घामाने ओली होती.

आडूळच्या अलीकडे गाडीने आचका दिला आणि एका सिलिंडरवर फडफडत एका चहाच्या टपरीशी बंद पडली. साडूभाऊंनी तिथंच वर्तमानपत्र पसरून डावा कार्बोरेटर उतरवला. टपरीवाल्याने पेट्रोलचा वास घेऊन मुकाट्याने स्टोव्ह बंद केला. मला वाटलं, झालं, यांचं नेहमीचं सुरू झालं. पण वाटी उघडली तर तळाला टाकीतला गंजाचा कण, आणि जेट खरोखरच बंद. इतकी वर्षं दर रविवारी स्वच्छ निघालेल्या कार्बोरेटरमध्ये त्या दिवशी खरा कचरा निघाला. साडूभाऊंनी तार घातली, फुंकर मारली आणि जेट डोळ्याला लावून आभाळाकडे धरला. आभाळ दिसलं असणार, कारण ते तसेच खूप वेळ बघत राहिले. पुढे जोडायचं की नाही, हे त्यांच्या एकट्याच्या हातात होतं. मी जर काही बोललो असतो तर ते माझ्या बोलण्यावर गेलं असतं, म्हणून मी तळहातावर स्क्रू धरून बसलो. त्यांच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा तो बसला. "वाट बघत असत्याल," एवढंच ते म्हणाले आणि किक मारायला उभे राहिले.

पाचोडला अंगण माणसांनी भरलं होतं. मामांची बाज ओट्यावर आणून ठेवली होती. साडूभाऊंनी गाडी बाजेला लागून उभी केली, पण बंद केली नाही. ॲक्सिलरेटर हलकेच धरून ते उभे राहिले, आणि मामांच्या छातीकडे बघत राहिले, ती वरखाली होते की नाही ते. मेहुणा म्हणाला, दाजी, बंद करा आता, धूर होतोय. ते ऐकेनात. मला त्यांच्या मनातलं ठाऊक होतं. इंजिन थांबलं की मामाही थांबणार, असं त्या माणसाने धरलं होतं, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मीही तसंच धरलं होतं. माझी बायको पदर तोंडात धरून उभी होती. मामांनी चाचपत हात पुढे केला, टाकीवर ठेवला, आणि मान कलती करून बराच वेळ ऐकलं. मग बोटांनीच बंद करायची खूण केली. साडूभाऊंनी डोळे घट्ट मिटले आणि चावी फिरवली.

अंगणात कुणी हललं नाही. मामांचा श्वास मात्र सगळ्यांना ऐकू येत होता. त्यांनी साडूभाऊंचं मनगट धरलं.

"डाव्याचा आवाज बरूबर नाय," मामा म्हणाले. "घिऊन जा, परत खोल. सावकाश कर. मला घाई नाय."

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण दोन्हींचा आवाज अगदी बरोबर होता एवढं मलासुद्धा कळत होतं. साडूभाऊंनी "व्हय मामा" म्हटलं आणि तिथंच ओट्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी मामा ताईच्या हातची भाकरी दुधात कुस्करून जेवले. सगळा हिवाळा ते जेवत होते. दर रविवारी साडूभाऊ त्यांना फोन लावायचे. कुठवर आलं, असं मामा विचारायचे. डावा उघडलाय, असं हे सांगायचे. बरं, सावकाश, असं म्हणून मामा फोन ठेवायचे. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघंही एकमेकांना ते कळू देत नव्हते.

मामा उन्हाळ्यात गेले, दुपारी, झोपेत. दहाव्याला सगळं आटोपल्यावर साडूभाऊ मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, दोन्ही कार्बोरेटर घरी उघडेच आहेत, मामा गेले तेव्हाही जोडलेले नव्हते. मी म्हटलं, ठाऊक आहे.

"मंग माझ्यानं नाय गेले ना ते?"

"नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाले, "मंग उगंच भ्यालो, पाव्हणं. मामांना मागं बसवून बाजारातून एक चक्कर तरी मारली असती."

मी त्यांना सांगितलं, की त्या भ्यालेल्या माणसाच्या फोनची मामा रविवारी सकाळपासून वाट बघायचे, फोन उशाशी घेऊन बसायचे, हे मेहुण्याने मला सांगितलंय. ते त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. आम्ही दोघं तसेच, एकमेकांना धरून, माणसांत परत गेलो.