इवायांच्या डोंग्यात

माझ्या मुलीचं सासर रोहण्याला. तिचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, शेतकरी माणूस. मी शहरालगतच्या सिंदी मेघेतला कापडदुकानदार. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी आमचं बोलणं काही पाहुणचाराच्या पुढे गेलं नव्हतं. "तुमी घ्या आधी." "नाई जी, तुमी घ्या." यातच चहा निवायचा.

गेल्या हिवाळ्यात मुलानं मला गळाची काठी आणि प्लास्टिकची नकली मासोळी आणून दिली. मोबाइलवर मी पाहिलं, की ती दोऱ्याला बांधून नावेच्या मागं ओढत न्यायची. चाल जमली, तर ती शेपूट हलवत खऱ्या मासोळीसारखी पोहते आणि मोठी मासोळी फसते. मी हे फोनवर सहज बोललो, तर इवायांनी गावाजवळच्या तलावावर ओळखीच्या मासेमाराचा डोंगा मागून ठेवला.

डोंग्यात बसताच मी नकली मासोळी मागं पाण्यात सोडली आणि वल्ही घ्यायला हात पुढे केला.

"पावण्यानं वल्हं मारावं काय?" असं म्हणून इवायांनी वल्ही ओढून घेतली आणि सुटले. अंगात ताकद भरपूर, त्यात सुनेचा बाप समोर बसलेला. मागं वळून पाहतो तर आमची मासोळी पाण्यात नाहीच. पाण्यावर आडवी पडून बदकासारखी फटफट उडत येत होती.

आता इवायाला हळू चला कसं म्हणायचं? मी म्हणालो, "हवा किती छान सुटली आहे. जरा आरामात पाहत गेलो तर?"

त्यांना वाटलं मी घाबरलो. त्यांनी वल्हं असं हळू केलं, की डोंगा जागेवरच डुलू लागला आणि मासोळी तळाच्या गवतात अडकली. ती सोडवताना माझी बाही खांद्यापर्यंत भिजली. इवायांनी खेद व्यक्त केला आणि त्याच खेदात पुन्हा जोर लावला. पुन्हा बदक.

असं करता करता ऊन वर आलं. तिसऱ्यांदा गवत काढताना माझा संयम सुटला.

"हळू न जी! मागं काय वाघ लागला आहे?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. इवायांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग असे हसले, की डोंगा हलला.

"मंग सकाळपासून सांगाले काऊन लाजून राह्यले तुमी? मले वाटे, शहरातले लोक मासोळीले असेच पळवतात."

मग आम्ही नीट कामाला लागलो. मी मासोळी डोंग्याच्या कडेलाच पाण्यात धरली, आणि ते वल्हं मारताना ती कशी हलते ते पाहत राहिलो. "जास्त झालं." "आता?" "कमी झालं, झोपले काय?" "झोपत असन तुमचा मुलगा, मी नाई. आता पाहा." मासोळीची शेपूट एकदम डावी-उजवी हलू लागली. मी दोरा मागं सोडला. काठीचं टोक बारीक, एकसारखं थरथरत राहिलं.

"हीच चाल ठेवा," मी म्हणालो.

थोड्या वेळानं काठी वाकली. ते पाहायला इवाई वल्हं सोडून उठले, डोंगा थांबला, दोरा सैल पडला आणि लागलेली मासोळी सुटली.

"थांबले काऊन?"

"पाहून राह्यलो न बाप्पा!"

"पाहाचं काम माझं आहे!"

दुसऱ्यांदा मात्र त्यांनी मान वळवली नाही. हाताएवढी मरळ डोंग्यात पडल्यावरच वल्ही खाली ठेवली.

इवायांच्या घरी आलो तरी तोंडं चालूच. पहिली मासोळी कोणामुळे गेली, दोरा कोणी गुंतवला, मरळ कोणी पकडली. मुलगी दाराशी घाबरून उभी. मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाली, "बाबा, मामंजींशी भांडन झालं काय?"

"नाई वं," मी म्हणालो, "आता जमलं आमचं."

बाहेरून आवाज आला, "कोण कापते ही मासोळी? का दुकानदाराले फक्त कापडच कापता येते?"